डब्यातला पहिला नग

नग १.

गुरुवार, सकाळचे अकरा. चिंचपोकळीचा आमचा गाळा, रेल्वेच्या भिंतीला पाठ लावून. नायलॉन वितळवून साच्यात दाबणारं हातमशीन तापलेलं. नायलॉनचे दाणे चार तास भट्टीत सुकवलेले. नायलॉन हवेतलं पाणी पितं, आणि ओल्या दाण्यांचा नग ठिसूळ निघतो.

माझा धाकटा भाऊ राजरत्न दोन वर्षं रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत विमान बांधतो आहे. एकट्यापुरतं. इंजिन जुन्या मोटारीचं, हाताने बदललेलं. त्याला हवा होता अंगठ्याच्या नखाएवढा नायलॉनचा बुश, मधे भोक असलेली गुंडी. थ्रॉटलची तार ज्या भोकातून इंजिनात शिरते तिथे तो बसतो. विकत मिळत नाही. फुटला तर तार अडकते, इंजिन बंद पडतं. रविवारी पहिलं उड्डाण, खाडीवरून.

दांडा ओढला. वीस मोजले. साचा उघडला. पांढरा, स्वच्छ नग.

बाबा मिलमध्ये फिटर होते. पहिला नग कामाला द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. साचा अजून थंड असतो. पहिला नग खोटं बोलतो, म्हणायचे. मी पाठीवर सुईने तारीख ओरखडली: १२. सुई घसरली, दोनाची शेपटी लांबली. नग बिस्किटाच्या डब्यात टाकला.

नग २.

भोक लांबट. झिजलेलं.

साच्यातली पिन कॅलिपरने मोजली. गोल आहे. दाणे ओले असले तर नगावर चंदेरी रेषा उमटतात. झीज उमटत नाही.

नग ३.

काळा. बोटाला काजळी लागली. पेट्रोलचा वास. गाळ्यात पेट्रोल ठेवत नाही.

नग ४.

साच्यातून निघालेला नग हातात धरवत नाही इतका गरम असतो. हा गार होता. एका बाजूने तडकलेला. तड्यात पाण्याचा थेंब. मी तो जिभेला लावला. का, ते सांगता येणार नाही.

खारट.

उलटा केला. पाठीवर १२. दोनाची शेपटी लांब. तिसऱ्याची काजळी पुसली. तेच. दुसरा उलटला. तेच. साच्यात आकडा कोरलेला नाही.

नग ५.

दांडा पूर्ण खाली गेला. नायलॉन आत गेलं. साचा रिकामा.

मग मात्र मशीन बंद केलं. तिसरा नग घेऊन शेजारच्या लेथवाल्या शरच्चंद्रकाकांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून पाहिला.

"कुठल्या गाडीचा काढलास गो?"

"आता ओतलाय, काका."

"मस्करी करतंस काय? ह्यो चालून चालून मेलेलो आसा."

त्यांना पितळेचा एक बुश करायला सांगून, घरी जेवून तीन वाजता परत आले. तिसरा नग इतर दोघांशेजारी ठेवला. तेव्हा बिस्किटाचा डबा उघडा दिसला.

फोन लावला.

"ताई, चिडू नको हां. आलेलो, तू नव्हतीस. डब्यातला घेतला."

"परत आण. पहिला आहे तो, राजा."

"तू पण ना, बाबांचं घेऊन बसतेस. एक नंबर बसलाय. पंधरा मिनिटं चालवलं पण इंजिन. भोक जरा ओव्हल झालंय. चालतंय."

मी टेबलाकडे पाहिलं. तीन नग ओळीने ठेवले होते.

दोनच होते. लांबट भोकाचा नव्हता.

शनिवारी पितळेचा बुश घेऊन वखारीत गेले. लाकडाचा भुसा, वॉर्निशचा वास, मधोमध पंख पसरलेलं ते विमान. राजा हसला.

"ह्याचं वजन बघितलंस? माझ्यापेक्षा जड आहे."

"टाक हा. बाबांची शपथ घे."

"घेतली. जा आता, टेंपोवाला येतोय."

रविवारी साडेनऊला त्याचा फोन.

"बदललास?"

"बदलला ग बाई. पितळेचाच आहे." मागे इंजिन धडधडत होतं. "कसला धूर सोडतंय! तोंड बघशील तर हसशील. काळं ठिक्कर. चल, निघतो. उतरलो की करतो फोन."

टेबलावर काळा नग नव्हता.

पुन्हा लावला. वाजतो. उचलत नाही. अकरा वेळा लावला.

तडकलेला तेवढा उरला आहे. गुरुवारपासून सुकलेला नाही. मी त्याच्यावर उजवा तळहात दाबून बसले आहे. हे डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. जोवर हा इथे आहे तोवर राजा वर आहे, एवढंच मला कळतं. तडकलेली कड तळहाताला टोचते. टोचू दे.

दहा वाजून पाच. टोचते.

दहा वाजून नऊ. टोचते.

सव्वादहा. तळहाताखाली पाणी आहे, मनगटाकडे ओघळतं आहे. टोचत नाही.

हात मी उचललेला नाही.