कापलेलं ‘नका’

जुन्या सिनेमांचे नवे ट्रेलर कापणं हा माझा धंदा. काळ्या-पांढऱ्या रडक्या चित्रपटातून मिनिटभराचं असं काही काढायचं, की मोबाइलवर सरकणारा अंगठा जागच्या जागी थांबला पाहिजे. मढ्याला लिपस्टिक लावतो, असं मीच म्हणायचो. लोक हसायचे.

त्या दुपारी एका कौटुंबिक चित्रपटाला भुताचा चेहरा द्यायचा होता. साहेबांचा हुकूमच तसा. चित्रपटातली आई आजारी मुलीच्या खाटेशी उभी राहून न दिसणाऱ्या मृत्यूला विनवते, "तिला घेऊन जाऊ नका!" त्या नटीची स्वतःची मुलगी तेव्हा नुकतीच गेली होती म्हणे, आणि ती खरंच रडली होती. मला काय त्याचं? मी शेवटचं ‘नका’ उडवलं, ‘जाऊ’चा सूर जरा वर चढवला. उरलं, "तिला घेऊन जाऊ?" डोळे थेट आपल्याकडे. विनवणाऱ्या आईची क्षणात चेटकीण झाली. साहेबांचं लगेच उत्तर आलं, "जबरदस्त!"

माझ्या मागे कोपऱ्यात ठकी, माझी लेक, चित्र रंगवत बसली होती. शाळा सुटली की ती माझ्याकडे यायची आणि मग तिची आई ऑफिसातून येऊन तिला न्यायची. बायको दारातूनच विचारायची, "हिला घेऊन जाऊ?" मी पडद्यावरून नजर न काढता ‘हं’ म्हणायचो. रोजचंच होतं ते.

आमच्या त्या खोलीला खिडकी नाही. आवाज बंद ठेवून मी नुसती दृश्यं जुळवत होतो. एकाएकी औषधांचा आणि ओल्या गादीचा वास आला. दारातून कुणीतरी हलकेच विचारलं,

"तिला घेऊन जाऊ...?"

"हं, जा घेऊन," मी म्हणालो. वळलोसुद्धा नाही.

रंगीत खडू घरंगळला. दार लागलं. बायको नेहमी ‘हिला’ म्हणते, आज ‘तिला’ कसं म्हणाली, एवढं मनात येऊन गेलं आणि मी पुन्हा कामाला लागलो.

थोड्या वेळानं दार परत उघडलं. बायको होती, घामाघूम, खांद्यावर पर्स.

"ठकी कुठंय रे?"

"...आत्ताच नेलीस ना तू?"

"मी? मी तर आत्ता येतेय..."

जिन्यातल्या कॅमेऱ्यात ठकी एकटीच खाली उतरताना दिसते. एक हात वर, कुणाचं तरी बोट धरल्यासारखा. त्यानंतर ती कुणालाच दिसलेली नाही. बायको माहेरी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "निदान मान वळवून बघायचं होतंस." ट्रेलर मात्र तुफान चालला. साहेब विचारतात, अजून एक करतोस का?

काल मी ते कापलेलं ‘नका’ शोधून जागच्या जागी जोडलं. पडद्यावरच्या त्या आईचं वाक्य तिला परत दिलं तर माझी पोर ती परत देईल, एवढीच वेडी आशा. चालू केलं.

"तिला घेऊन जाऊ..."

‘नका’ आलंच नाही. त्याच्या जागी माझा आवाज आला, "हं, जा घेऊन." त्या खोलीत माइक नाही, कधीच नव्हता. आणि माझ्या आवाजामागून, अगदी हळू...

"बाबा... ही आई नाहीये."

त्या दुपारी ठकी असं म्हणाली होती का? मला खरंच आठवत नाही.