शिवतेजचा करदोडा

त्या दिवशी काम एवढंच होतं, अंगणवाडीत जाऊन पोराचं वजन करून आणायचं. अंकिताने शिवतेजला न्हाऊ घातलं. कमरेच्या काळ्या करदोड्याची लोंबती टोकं तो सारखी तोंडात घालायचा, म्हणून ती गाठीशी कापून टाकली आणि त्याला कडेवर घेऊन निघाली.

अंगणवाडीच्या बाईंनी काटा बघितला, मग वही बघितली.

"चौथ्या म्हैन्यात सहा किलो. आता चौदावा लागला, तरी सहाच? खायाला घालतीस का न्हाई गं?"

अंकिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाचणी झाली, तूप झालं, वडूजच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. सगळं ठीक, म्हणे! नवरा फौजेत, फोनवर त्याचं एकच, "लय इचार करतीस तू." सांगायचं तरी कुणाला?

भर दुपारी ती घरी आली. वस्तीवर चिटपाखरू नव्हतं. स्वयंपाकघरातल्या अंधारातून आवाज येत होता, खर्र... खर्र... सासू सहाणेवर बाळगुटी उगाळत होती. वेखंडाचा वास पसरला होता. सासूने कनवटीची बाटली काढली आणि गुटीत दोन थेंब टाकले, तसा त्या वासाखालून ओल्या लोखंडासारखा वास आला.

ती बाटली अंकिताला ठाऊक होती. साताऱ्याचा एक डॉक्टर सासूला ते औषध द्यायचा. शरीराच्या कणाकणात धागे असतात, त्यांची टोकं झिजली की म्हातारपण येतं. थेंबांनी टोकं लांबतात, असं त्याचं सांगणं. सासूचे पांढरे केस मुळाशी काळे व्हायला लागले होते, हेही खरं.

"आत्या... ह्ये कवापासनं घालताय?"

"चौथ्या म्हैन्यापासनं. माज्या वाटणीचंच देती की. नातवाला लय आयुष्य मिळू दे."

"आवं, त्यो वाढंना झालाय!"

"म्हातारं हुयाचं न्हाई, म्हनला डाक्टर..." सासूचा हात सहाणेवर थांबला. "बारकंच ऱ्हातंय... आसं न्हाई म्हनला."

अंकिताने बाटली मोरीत रिकामी केली. सहाण तीनदा घासली. रडू येत होतं, पण रागाने ते बाहेरच पडेना. शेवटी तिने शिवतेजला मांडीवर घेतलं आणि त्याचं झबलं वर केलं.

करदोडा तोच होता, गाठही सकाळचीच. पोरही तेवढंच होतं.

कापलेली टोकं मात्र त्याच्या घोट्यापर्यंत आली होती.