बत्तीस दातांची चिमणी

"सायकली साडेसातला निघणार म्हणजे साडेसातलाच! उशिरा येणाऱ्यांनी घरी बसून माश्या माराव्यात!"

जिन्याखाली सायकलीत हवा भरता भरता फौजदारने हुकूम सोडला. तेरा वर्षांच्या त्या मुलीला सगळी इमारत फौजदारच म्हणायची. सुट्टीचा पहिलाच दिवस होता आणि तलावापर्यंत सायकलने जायचा बेत ठरला होता.

"पंक्चरचं सामान कोण घेणार?" मोत्याने विचारलं. मोत्यासारखं अक्षर म्हणून तो मोत्या. कुत्र्याचं नाव म्हणून तो चिडायचा, आणि तो चिडायचा म्हणूनच ते नाव टिकलं होतं.

"वास काढत तूच शोध! भू भू!" सव्वाफूट ओरडला. अकरा वर्षांचा हा वीर उंचीने पहिलीतल्या पोराएवढा होता, पण जिभेला हाड नव्हतं.

तेवढ्यात फौजदारची धाकटी बहीण चिमणी जिना उतरून आली. एक गाल टम्म फुगलेला, डोळ्यांत पाणी.

"ताई, दुखतंय गं. रात्रभर दुखत होतं."

"मग आईला का नाही उठवलंस?"

"आई म्हणते, चॉकलेटं खाल्ली की असंच होतं. मला पुन्हा ओरडली असती."

आई पहाटेच कारखान्यात गेली होती. तलावाचा बेत तिथेच बारगळला. फौजदारने कपाटातून चिमणीचं शाळेचं आरोग्यकार्ड काढलं आणि चौघं सरकारी दवाखान्यात पोहोचली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा आत घातला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही कायमची दाढ आहे. सहाव्या वर्षी येते ती जन्मभरासाठी. आठव्या वर्षीच आतून पार पोखरलीय. आज औषध देते, गुरुवारी काढावी लागेल."

"पुन्हा येईल ना?" चिमणीने विचारलं.

"नाही बाळा. ही पुन्हा येत नाही." बाईंनी कार्ड पाहिलं. "कमाल आहे! शाळेत चार वेळा लेप लावलाय, तरी ही गत! काय गोड खात असतेस गं सारखी?"

"लेप म्हणजे काय?" चिमणी म्हणाली.

"दातांवर ब्रशने लावतात ते पिवळट, चिकट औषध. त्याने कीड रोखली जाते."

"मला कुणी नाही लावलं."

"लहान मुलं विसरतात," असं म्हणत बाईंनी पुढच्या रुग्णाला हाक मारली. बाहेर बाकड्यांवर चाळीस माणसं ताटकळली होती.

घरी येईपर्यंत फौजदार कार्डच पुन्हा पुन्हा वाचत होती. दारातच तिने टॉर्च काढला. "चिमणे, आ कर!"

"कशाला?"

"कार्डावर लिहिलंय, एकूण दात बत्तीस, सर्व निरोगी. एक, दोन, तीन..." ती मोजत गेली. "चोवीस! आठ दात गेले कुठे?"

"आजोबांच्या कवळीसारखे पेल्यात असतील!" सव्वाफूट म्हणाला. पण त्याने स्वतःचं कार्ड आणलं, तर त्यावरही बत्तीस! खालच्या मजल्यावरची पहिलीतली जुळी भावंडं पुढचे दात पडून बोळकी झाली होती. त्यांचेही बत्तीस! दुपारपर्यंत एकोणीस कार्डं गोळा झाली. एकोणीस बत्तिशा, सगळ्या निरोगी, सगळीकडे चार वेळा लेप.

"हे कुणीतरी बसल्या जागी लिहिलंय! अक्षर बघा, सगळीकडे एकच. किती सुंदर..." फौजदार थांबली.

मोत्या खाली मान घालून बसला होता.

"माझं आहे ते," तो म्हणाला. "आरोग्याच्या सरांनी दोन दुपारी बसवून लिहून घेतलं. म्हणाले, तपासणी झालीय, फक्त स्वच्छ प्रत काढायचीय. मला वाटलं, खरंच झाली असेल."

"तुझे स्वतःचे दात कुणी तपासले होते?"

मोत्याने नकारार्थी मान हलवली.

"मग झाली असेल असं कसं वाटलं तुला, गाढवा?"

"सर म्हणाले, तुझ्याइतकं सुंदर अक्षर शाळेत कुणाचं नाही." तो म्हणाला. "मला फार बरं वाटलं होतं."



"कुठे बसून लिहिलंस?" फौजदारने विचारलं.

"खेळांच्या खोलीत. तिथल्या खोक्यांवर कागद ठेवून. त्या खोक्यांवर दातांचं चित्र होतं."

गुरुवारी चिमणीची दाढ निघाली. ती ओरडली नाही. नुसती ताईचा हात इतका घट्ट धरून बसली, की नखांचे वळ उठले.

सुट्टी असूनही शुक्रवारी दुपारी शाळेत कार्यक्रम होता. 'एकही कीड नसलेली शाळा' म्हणून मोठे आरोग्य अधिकारी मानपत्र द्यायला येणार होते! सकाळी खुर्च्या लावायला मदत करतो म्हणून चौघं शाळेत घुसली. खेळांच्या खोलीत गाद्यांच्या मागे खोकी होती. चिकटपट्टीसुद्धा न फाडलेली! त्यावरची मुदत कधीच उलटून गेली होती.

बाहेर बुटांचा आवाज आला. "लपा!"

सर शिपायाला सांगत होते, "कार्यक्रम झाला की ही खोकी कचऱ्याच्या गाडीत जायला हवीत. आठवणीने!"

गादीखालून सव्वाफूट शिंकला.

"कोण आहे रे?"

फौजदार टुणकन उभी राहिली. "आम्हीच सर! खुर्च्या न्यायला आलोय!"

"असं होय? शाबास! चाळीस न्या."

दोन घडीच्या खुर्च्या, त्यांच्यामध्ये एक खोकं, वरून चादर. मोत्या आणि फौजदार ते धूड उचलून निघाले. सरांनी स्वतः त्यांच्यासाठी दार धरलं! "जपून हं, पाय अडकेल!"

दुपारी सभागृह भरलं. मुख्याध्यापिकाबाईंचं भाषण संपलं, आणि फौजदार चिमणीला घेऊन मंचावर चढली. "विद्यार्थ्यांतर्फे पाहुण्यांना छोटीशी भेट!"

अधिकाऱ्यांनी हसत रंगीत कागद सोडून खोकं उघडलं. हसू मावळलं. आत लेपाच्या शेकडो नळ्या होत्या, एकही न उघडलेली.

"हे काय आहे?"

"आमच्या दातांचा लेप, साहेब. चार वेळा लावलेला. चिमणे, आ कर."

चिमणीने तोंड उघडलं. लाल खड्डा पहिल्या रांगेपर्यंत दिसला.

"कार्डावर हिचे बत्तीस दात आहेत. मोजा साहेब. तेवीस आहेत. काल सकाळी चोवीस होते."

सर उठले. ते ओरडतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नर्स दोन वर्षं आली नाही," ते म्हणाले. "मी दोनदा पत्र लिहिलं. तुमच्याच कार्यालयातून उत्तर आलं, की जागा रिकामी आहे, पण भरलेल्या कार्डांच्या प्रती वेळेत पाठवा. मी पाठवल्या."

अधिकाऱ्यांनी मानपत्र उलटं करून टेबलावर ठेवलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "कार्डं कुणी लिहिली?"

"मी लिहिली!" मोत्या जागेवरून उठला. "खरंच तपासणी झालीय का, हे कुणालाही न विचारता लिहिली."

"लहान आहेस, पण खरं बोललास. आम्हा मोठ्यांना एवढंही जमलं नाही," अधिकारी म्हणाले. "शाबास मुलांनो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापिकाबाईंनी फौजदारच्या पाठीवर थाप मारली, सव्वाफूटला कुणीतरी उचलून घेतलं. मोत्या मात्र चिमणीपाशी गेला.

"माझ्यावर रागावलीस?"

"हो," चिमणी म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात दोन नर्स आल्या आणि सुट्टीतच मुलांना बोलावून साऱ्या शाळेची खरी तपासणी झाली. दोनशे बारा मुलं. एकशे अठरा जणांच्या दातांना कीड. सरांची चौकशी सुरू झाली. अधिकाऱ्यांच्या कार्यालयाची होणार का, हे कुणालाच सांगता आलं नाही. आईने ते सगळं ऐकलं, चिमणीला मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ ती नुसती तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. ओरडल्याबद्दल माफी कशी मागावी, तिला कळत नव्हतं.

चिमणीची जखम दाखवायला चौघं पुन्हा दवाखान्यात गेली, तेव्हा बाकड्यांवर त्यांच्याच शाळेची मुलं दाटीवाटीने बसली होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. चिमणीसमोर गुडघ्यांवर बसून म्हणाल्या, "त्या दिवशी तू खरं सांगत होतीस. मी ऐकलं नाही. चुकलंच माझं." मग त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. "फार मोठं काम केलंत तुम्ही. धाकट्यांचे दात वाचतील. पण आज आलेल्यांपैकी नऊ जणांचे काढावेच लागतील."

कोपऱ्यात जुळ्यांपैकी एक मुसमुसत होता. चिमणी त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"दुखतं का गं?" त्याने विचारलं.

"सांग ना, नाही दुखत म्हणून!" सव्वाफूट कुजबुजला.

चिमणीने थोडा विचार केला.

"दुखतं," ती म्हणाली. "खूप दुखतं. माझा हात धर."