बारा पावलांवरचं पाणी

सन २०५८ मधली गोष्ट. शहराचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं भांडायला येतील, आणि मला आता भांडायचा उत्साह नाही. एवढंच सांगते, की त्या शहरात भाजी उडत उडत दारात यायची, डॉक्टर भिंतीवर दिसायचे, आणि शाळेच्या नळाला मात्र पाणी नसायचं.

शाळा तीन मजली, पूर्व विभागाच्या अगदी टोकाला, आणि तिच्या सगळ्या नळांना पाणी यायचं ते गच्चीवरच्या टाकीतून. समोर बारा पावलांचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे पश्चिम विभाग सुरू. तिथले लोक सकाळी रबरी नळी लावून खुशाल बागा भिजवायचे. दोन्ही विभागांच्या टाक्या सारख्याच उंच, पाइप सारखेच जाड, पाणीही एकाच धरणाचं. मग अलीकडे ठणठणाट आणि पलीकडे जास्वंदीला रोज अंघोळ, हे कसं काय?

सहावीतल्या रेणूलाही हे कोडं पडलं होतं. पण कोडं सोडवायला अंगात त्राण लागतं, आणि तिचं त्राण रोज सकाळी पाण्याच्या कॅनमध्ये संपायचं. तिची आई त्याच शाळेची मुख्याध्यापिका. दोघी मिळून घरून हातगाडीवर सहा कॅन ढकलत न्यायच्या. ते पाणी पहिल्या सुट्टीलाच संपायचं.

त्यात शनिवारी पत्र आलं. परवाचा सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी तपासणी. गच्चीवरच्या टाकीत नळाचं पाणी चढलं नाही, तर शाळा बंद, आणि मुलं सात किलोमीटर लांबच्या शाळेत. आईने पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून ठेवून दिलं. "निम्म्या मुली घरीच बसतील," एवढंच ती म्हणाली. ओरडायलाही तिच्यात जोर उरला नव्हता.

रविवारी दुपारी आबांनी पत्ते काढले. आबा म्हणजे आईचे वडील, पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या पायाशी नळोबा पडलेला असायचा. नळोबा म्हणजे पाइपांतून सरपटत दाब मोजणारा, वीतभर लांबीचा यंत्रमानव. खात्याने भंगारात काढला, तेव्हा आबांनी त्याला घरी आणला. बोलायचा कमी, तेही सरकारी भाषेत.

"आबा, आज नको ना. हात दुखतायत."

"पत्ते उचलायला कितीसे हात लागतात? बस."

हा खेळ आबांनीच घरासाठी बनवला होता. काही पत्त्यांवर सरळ पाइप, काहींवर वाकडे, काहींवर गळती आणि गळती थांबवणारा पाना. ज्याने त्याने आपल्या टाकीपासून आपल्या घरापर्यंत पाइपांची रांग लावायची. प्रत्येकाला वीस चिंचोके मिळायचे. चिंचोके म्हणजे दाब (पाणी किती मीटर वर चढू शकतं त्याचं माप). आता पाइपातून जाताना पाणी त्याच्या भिंतीला घासतं. या घासण्यालाच घर्षण म्हणतात (त्यात पाण्याचा जोर खर्च होतो). तेवढे चिंचोके डब्यात टाकायचे. शेवटी निदान नऊ उरले, तर पाणी गच्चीवर पोहोचलं.

किती टाकायचे, तो नियम रेणूला मुळीच आवडत नसे. जितके तांबे पाणी न्यायचं, त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणायचं. त्या दिवशी तिच्या वाट्याला चार तांबे आले, आबांच्या वाट्याला दोन.

"चार चोक सोळा," आबा म्हणाले. "टाका डब्यात."

"माझं पाणी तुमच्या दुप्पट, आणि चिंचोके मात्र चौपट. हा कुठला न्याय?"

"न्याय नाही गं, स्वभाव आहे पाण्याचा. त्याच पाइपातून दुप्पट पाणी न्यायचं, तर ते दुप्पट वेगाने पळवावं लागतं. आणि वेग दुप्पट झाला, की घासणं जवळजवळ चौपट होतं."

रेणूकडे चार चिंचोके उरले. हरली. आबांचे बे दुणे चार गेले, सोळा उरले. तिने कंटाळून हातातले उरलेसुरले पत्ते रांगेच्या शेवटी कसेबसे टाकले, तर तिची रांग सरळ आबांच्या रांगेला जाऊन भिडली.

"जोडाजोडी नाही," आबा लगेच म्हणाले. "तुझं पाणी तुझं, माझं पाणी माझं."

"पण का?"

आबांनी चष्मा काढून पुसला. "खात्यात होतो ना, तेव्हा पूर्व-पश्चिमवाल्यांची रोज भांडणं. हे म्हणणार, आमचं पाणी त्यांनी पळवलं, आणि ते म्हणणार, आमचं यांनी पळवलं. जीव नकोसा झाला होता. म्हणून मी ठरवून टाकलं, कुणाचा पाइप कुणाला जोडायचाच नाही. तोच नियम खेळात घातला."

रेणू भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटत होते, पण डोक्यातला हिशोब थांबेना. चार आणि दोन, एकूण सहा तांबे. दोन्ही रांगा जोडल्या, तर पाणी दोन्हीकडून येईल. म्हणजे तीन इकडून, तीन तिकडून.

"आबा, तीन त्रिक नऊ," ती म्हणाली. "माझे नऊ जातील, तुमचेही नऊ. दोघांकडे अकरा अकरा उरतील. दोघंही जिंकतो."

आबांनी बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. ज्या माणसाने आयुष्यभर हाच हिशोब केला, त्याला तो नातीने ऐकवावा, म्हणजे काय वाटलं असेल बघा.

"नळोबा," ते हळूच म्हणाले, "शाळेच्या टोकाचा दाब किती?"

"पूर्व टोक, साडेचार मीटर. रस्त्यापलीकडे पश्चिम टोक, पंधरा मीटर."

"आणि मध्ये?"

"दोन्ही टोकांना बूच. आराखड्यावर सही आपली."

सुटलं कोडं. पूर्वेत घरं वाढली होती, त्यामुळे पाइपातून पाणी जास्त पळायचं आणि सगळा दाब वाटेतच घासून जायचा. पश्चिमेत माणसं कमी, म्हणून दाब उरायचा. मध्ये फक्त बारा पावलं होती, आणि आबांची सही.

आबांना त्या रात्री जेवण गेलं नाही. सोमवारी मात्र ते दुखऱ्या गुडघ्यांनी खात्यात गेले आणि अर्ज दिला. बुधवारी पश्चिमेच्या लोकांपुढे उभे राहिले. "बूच मी लावलं होतं. चूक माझी आहे," ते म्हणाले.

"म्हणजे आता आमचं पाणी पळवणार?" एका काकांनी विचारलंच.

"तुमचा दाब पंधरावरून साधारण अकरावर येईल. गच्चीवर चढायला नऊ लागतो, म्हणजे तुमच्या टाक्या भरतीलच. आणि कधी तुमच्याकडचा पाइप फुटला, तर पूर्वेकडून तुम्हालाही पाणी येईल. याला जोडजाळं म्हणतात (ज्यात पाणी एकाच ठिकाणी दोन वाटांनी पोहोचतं)."

काका कुरकुरले, पण अर्जावर सही केली. शुक्रवारी रस्ता खणून जोडपाइप टाकला.

पुढच्या सोमवारी तपासनीस आले, तेव्हा सगळे गच्चीवर जमले होते. नळातून आधी नुसती हवा आली, मग चहासारखं गढूळ पाणी. आईने डोळे मिटून घेतले. पाणी हळूहळू निवळलं, आणि टाकी भरायला लागली. तपासनीसांनी कागदावर खूण केली आणि जिना उतरून गेले. टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळे दमले होते.

"नळोबा, शहरात अशी बुचं आणखी किती?" आबांनी विचारलं.

"एकेचाळीस."

आबा कठड्यावर बसले. "सावकाश काढू," ते म्हणाले आणि त्यांनी खिशातून दुसरा कोरा अर्ज काढला.

खाली आल्यावर आईने नळाखाली पेला धरला आणि उभ्याउभ्या सगळा पिऊन टाकला. रेणू बघतच राहिली. आईला शाळेत पाणी पिताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. चार वर्षं आई सकाळपासून संध्याकाळपर्यंत तशीच राहायची, कारण शाळेच्या संडासात ओतायला पाणी नसायचं. रेणू स्वतःही तशीच राहायची. तिच्या सगळ्या मैत्रिणीही.

आईने पेला विसळून रेणूच्या हातात दिला. तिच्यामागे मुलींची रांग लागली होती.