शिंप्याच्या वहीतली ठमी

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी शपथबिपथ घेणार नाही.

एवढंच सांगतो, हे माझ्या सख्ख्या काकूच्या बाबतीत घडलंय आणि काकूला खोटं बोलता येत नाही. पत्ते खेळताना हातात हुकूम आला की तिचा चेहराच सगळ्यांना सांगून मोकळा होतो.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. लख्ख दुपारची आहे. वेळ पावणेतीनची. काकूला तारीखही पाठ आहे, पण ती मला लिहू देत नाही.

काकूचे आईवडील फार लांब, विषुववृत्ताजवळच्या एका बंदरात राहायचे. मी त्यांना आजी-आजोबाच म्हणतो. आजोबा तिथल्या गोदामात वजनकाट्यावर कामाला होते. निवृत्त झाले, तरी तिथून हलले नाहीत. बारा महिने तोच उकाडा. रोज चारच्या ठोक्याला पाऊस. खाली शिंप्याचं दुकान, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक लांब गॅलरी.

काकूची मुलगी ठमी. लहानपणी गोलमटोल होती, म्हणून ठमी. ती दोन वर्षांची असताना आजी इकडे येऊन तिला बघून गेली, त्यानंतर नाही.

असं नाही की काकूला जायचं नव्हतं. दर सुट्टीत ती ठरवायची आणि दर सुट्टीत काहीतरी आडवं यायचं. एकदा काकांची रजा. एकदा ठमीचा ताप. एकदा घर बदलणं.

पहिली दोन वर्षं आजी फोनवर रडली.

तिसऱ्या वर्षी रडली नाही.

चौथ्या वर्षी म्हणाली, "नाही जमत ना? असू दे गं. आमचं छान चाललंय."

ते ऐकून काकूला सुटल्यासारखं वाटलं. त्याबद्दल तिने स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पाचव्या वर्षी मात्र ते गेले. काका, काकू आणि सात वर्षांची ठमी. काकूला एकच हवं होतं. ठमीने आजीच्या कुशीत शिरावं, आणि चार वर्षांचं सगळं धुऊन निघावं.

दार आजीने उघडलं. काकूला घट्ट मिठी मारली. मग ठमीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"किती गोड आहे. नाव काय गं बाळा तुझं?"

काकूला वाटलं, थट्टा. "आई, अगं ठमी!"

"बघून घ्या नीट," काका म्हणाले, "नंतर बदलून मिळणार नाही."

सगळे हसले. आजीही हसली.

पण हसताना ती मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होती...

पहिले चार दिवस मजेत गेले. समुद्रात डुंबणं, पोटभर पपया, दुपारी पंख्याखाली ताणून देणं. काका तर दोन दिवसांत गावचे जावई होऊन बसले. आजोबा ठमीशी पत्ते खेळायचे, मुद्दाम हरायचे.

तरी ठमी त्या घरात पाहुणीच राहिली.

तिला पाणी मिळायचं ते काचेच्या कपाटातल्या चांगल्या ग्लासातून. रॅकवर कान तुटलेला एक छोटा मग होता. तो तिने उचलला, तर आजीने हळूच काढून घेतला.

मागच्या खोलीत एक लहान पलंग होता. चादर घातलेली, उशी खोलगट झालेली. ठमीला झोपायला दिली बाहेरची घडीची खाट.

"आई, तो पलंग कुणासाठी?"

"असू दे तो," आजी म्हणाली.

वय झालंय, काकूने मनाची समजूत घातली. माणसं वयाने विचित्र होतात.

पाचव्या दिवशी दुपारी काका बाजारात गेले होते. काकू ठमीला घेऊन खाली शिंप्याकडे गेली. तिला वाटलं, आजीच्या पसंतीच्या कापडाचा फ्रॉक शिवावा, आजीला बरं वाटेल.

शिंपी मशीनवर काज करत होता. त्याने चष्मा वर केला.

"वरच्या आजींची नात ना? ठमी? माप आहे की माझ्याकडे."

"कसं असेल? आम्ही पहिल्यांदाच आलोय."

त्याने जाड वही काढली. पान उलटून दाखवलं.

ठमी, वय तीन. छाती, खांदा, उंची.

ठमी, वय चार.

ठमी, वय पाच. वय सहा.

शेवटचं माप तीन आठवड्यांपूर्वीचं होतं. वय सात.

त्याने टेप काढून ठमीच्या खांद्याला लावली आणि वहीत बघितलं. "नाही, हे हिचं नाही. हिच्या बहिणीचं असेल. ती अगदी शांत उभी राहते. ही सारखी वळवळतेय."

"हिला बहीण नाही," काकू म्हणाली.

शिंप्याचा हात थांबला.

"तुम्ही पाहिलंय तिला?" काकूने विचारलं.

टेपची गुंडाळी करत तो म्हणाला, "पाहिलं म्हणजे... आजी हाताला धरून आणायच्या. मी टेप लावायचो. टेप भरायची. आकडा यायचा."

"आणि चेहरा?"

"मान वर करून बघायचं एकदा ठरवलं होतं, ताई. नाही जमलं." त्याने आवाज खाली आणला. "नंतर टेप वाळत घालावी लागते. चिंब होते."

काकूने ठमीचा हात धरला आणि जिना चढली. वर सामसूम. गॅलरीत आजोबा आरामखुर्चीत घोरत होते. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन.

स्वयंपाकघरातून आजीने हाक मारली...

"ठमी..."

ठमीने ओ द्यायला तोंड उघडलं.

पण ओ मागच्या खोलीतून आली.

"आले, आजी!"

आवाज ठमीचाच. तसाच किनरा, तसाच लाडात. आणि ठमी तर काकूचा हात धरून उभी होती, तोंड अजून उघडंच.

मग पावलं. ओल्या, अनवाणी पायांची. पट... पट... पट...

दोघींच्या समोरून गेली.

दिसलं काहीच नाही.

काकू कशीबशी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. आजी खाली बसली होती. एक हात कशाभोवती तरी वळलेला. मांडीवरचं कापड ओलं होतं आणि खाली दबलेलं होतं. कुणीतरी डोकं ठेवल्यावर दबतं, तेवढंच.

"आई... कोण आहे तिथे?"

आजीने ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ताच डोळा लागतोय."

"आई, चल इथून. तू आणि बाबा. आजच चला आमच्याबरोबर. मी पाया पडते तुझ्या."

"आणि हिला कुठे टाकू?" आजी चिडली नव्हती. समजावत होती. "पहिल्या वर्षी तुम्ही येणार त्या वेळेला मी दार उघडून उभी होते. तुम्ही नाही आलात. ही आली. दमून, भिजून. मी काय दार लावून घेऊ?"

"आई, माझी मुलगी ही आहे. बघ ना हिच्याकडे."

आजीने ठमीकडे पाहिलं. परक्याच्या मुलीकडे कौतुकाने बघतात, तसं.

"गुणी आहे गं तुझी पोर," ती म्हणाली. "पण हीसुद्धा तुझीच. हिला भेटायला तू कधी आलीच नाहीस."

त्या संध्याकाळीच ते निघाले. ठमीला दोन दिवस ताप होता. काका म्हणाले, उन्हामुळे भास झाला असेल. पण तेही त्या घराचा विषय पुन्हा काढत नाहीत.

आजी पुढच्या वर्षी गेली. पाठोपाठ सहा महिन्यांत आजोबा. दोन्ही वेळा काका एकटेच गेले आणि दिवस मावळायच्या आत त्या घरातून बाहेर पडले. घराला कुलूप लागलं.

बारा दिवसांपूर्वी काकूला शिंप्याचा फोन आला. इतक्या वर्षांनी.

"ताई, रागावू नका. ती खाली येते. दुकानात, पावणेतीनला. एकटीच उभी राहते. मी मान वर करत नाही. पण आता ती बोलते."

"काय बोलते?"

"आई कधी येणार, विचारते. रोज काय सांगू तिला? शेवटी म्हटलं, पुढच्या सुट्टीत येईल."

"मग?"



"म्हणाली, 'नको. मीच जाते.' कालपासून आली नाही, ताई."

काकूने ठमीला त्याच दिवशी आमच्याकडे पाठवलं. काका दौऱ्यावर आहेत. घरात काकू एकटीच असते. काल दुपारी मी तिला बघायला गेलो, तर दार सताड उघडं आणि काकू समोर खुर्ची टाकून बसलेली. डोळे सुजलेले. मी म्हटलं, निदान कडी तरी लाव.

"मला मरणाची भीती वाटते रे," ती म्हणाली. "पण इतक्या लांबून येतेय पोर. आता तरी तिला दार लावलेलं दिसायला नको."

मी निघालो तेव्हा दार तसंच उघडं होतं, आणि मी ते ओढून घेतलं नाही.