पोकलेनच्या पोटाखाली

मोबाइल ठेवा बाजूला, नाहीतर मी चाललो झोपायला. भूत म्हटलं की तुम्हाला पांढरी साडी आणि पैंजण आठवतात. यात तसलं काही नाही. एक मिस्त्री आहे आणि एक मशीन. मिस्त्री अजून जिवंत आहे. माझ्या चांगल्या ओळखीचा.

त्याला सगळे प्रोफेसर म्हणायचे. कौतुकानं नव्हे. दुनिया गाढवांनी भरलीय आणि त्या गाढवांची मशीनं आपल्याला दुरुस्त करावी लागतात, असा चेहरा करून माणूस चोवीस तास फिरायचा. कुणी नमस्कार केला तरी, याला तेवढं तरी येतं, असं बघायचा.

गेल्या नोव्हेंबरातली एकोणीस तारीख. डोंगरातल्या रस्त्यावर दरड उपसणारं पोकलेन ऐन वळणावर बंद पडलं. डाव्या बाजूचा फायनल ड्राइव्ह गेला. म्हणजे चेन फिरवणारा तो मागचा गिअर. तो गेला की वीस टनांचं धूड जागचं हलत नाही. आणि धूड रस्त्यात आडवं. वरच्या गावात डायलिसिसचे दोन पेशंट, त्यांना सकाळी दवाखान्यात न्यायचं, आणि खाली यायला दुसरा रस्ता नाही. नवा ड्राइव्ह पहाटे पाचला क्रेनसोबत येणार होता. तोवर जुना सोडवून ठेवायला प्रोफेसरला बोलावलं.

मशीनचा ऑपरेटर माझा चुलतभाऊ. त्याला बघताच प्रोफेसरनं सुरू केलं, "गिअरचं तेल कधी बदललं होतंस?"

"मला कुणी सांगितलंच नाही."

"श्वास घ्यायला कुणी सांगितलं होतं?"

प्रोफेसरनं त्याच्याकडून मशीनची मान, म्हणजे बूम, आडवी वळवून घेतली, बकेट जमिनीत रोवली आणि डावी बाजू वर उचलून घेतली. इंजिन बंद केलं. मग चेन ढिली केली, घणानं पिन ठोकून काढली. कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मात्र कबूल करायला हवं.

"खाली ठोकळे लावूया?" भावानं विचारलं. "दोन ओंडके तोडून आणतो."

"बकेट काय शोभेला रोवलीय?"

"नाही, पण... तुमचा मेहुणा..."

"तो मूर्ख होता. ठोकळ्यांशिवाय खाली शिरला आणि मेला. मी वीस वर्षं शिरतोय. तू वळणावर जाऊन गाड्या अडव. तेवढं जमेल ना?"

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, लहान चणीचं पोर. चार वर्षं प्रोफेसरच्या हाताखाली शिकला, शिव्या खात. दोन वर्षांपूर्वी एका खाणीत असंच मशीन त्याच्या अंगावर बसलं. बहीण ऊर फुटेस्तोवर रडत होती, तेव्हाही हा हेच बोलला होता. मूर्ख होता.

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. भाऊ वळणावर, दोनशे पावलं दूर. आतल्या बाजूचे पाइप सोडवायला प्रोफेसर मशीनच्या पोटाखाली सरकला. पाठीवर. कपाळाला बॅटरी. वर लोखंड.

"दाजी..."

भाऊच आला असणार. "आता काय?" हा खेकसला.

कुणीच बोललं नाही.

मग अगदी कानाशी, नेहमीच्या आवाजात...

"दाजी, ठोकळे कुठं ठेवलेत?"

हातातला पाना थांबला.

हे वाक्य त्यानं आधी ऐकलं होतं. फोनवर, त्या सकाळी. आदल्या संध्याकाळी मेहुण्याच्या मशीनखालचे चारही ठोकळे यानंच उचलून नेले होते, स्वतःच्या कामाला. पोरानं विचारलं, तर म्हणाला, "दगड लाव, अक्कल असेल तर." आणि फोन ठेवला. दोन वर्षांत हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात फट्‌ झालं.

बूमचा पाइप फुटला. तोंडावर तेल. बूम ढिला पडला. वरचं लोखंड करकरलं... खाली आलं...

त्यानं डोळे मिटले.

काही नाही.

डोळे उघडले. मशीन नाकापासून वीतभर वर. थरथरत होतं. ओझं उचललेल्या माणसाचे हात थरथरतात तसं.

शेजारी कुणीतरी धापा टाकत होतं.

"दाजी... सरका..."

तो सरकला. कोपरांवर. टाचांवर. डोकं बाहेर. कंबर. पाय...

धप्प.

भाऊ धावत आला, तर प्रोफेसर रस्त्यात बसलेला, तेलानं माखलेला. कुणी न विचारता एकच बडबड, "मीच नेले रे. चारही मीच नेले."

पाचला क्रेन आली. तोवर दरडीत पडलेलं झाड कापून प्रोफेसरनं एकट्यानं ठोकळे तयार केले होते. कुणाला हात लावू दिला नाही. आधी ठोकळे, मग पाइप, मग ड्राइव्ह. नऊला मशीन बाजूला झालं, पेशंट गेले.

घरी जाऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "त्यानं शेवटचा फोन तुम्हाला केला होता?"

"हो."

त्याच संध्याकाळी ती आईकडे गेली. अजून परत आलेली नाही. आणि यावर, माझ्या मते, त्यानं तोंडातून अवाक्षर काढू नये. काढतही नाही.

पण एक गोष्ट माझ्या भावानं त्या पहाटे पाहिली. क्रेननं मशीन उचललं, तेव्हा त्यानं खाली बॅटरी मारली. पोटाला जुन्या चिखलाचा थर होता, महिनोन्‌महिने वाळून दगड झालेला. त्या दगडात दोन पंजे उमटलेले. खोल. खालून वर रेटल्यासारखे, बोटांच्या पेरांसकट.

प्रोफेसरनं आपला हात उचलून त्यातल्या एकावर ठेवून पाहिला.

बसला नाही. पंजा लहान होता.