टाचा टेकल्या

खेळण्यांच्या संग्रहालयात मी बाहुल्या दुरुस्त करते. सुटलेला हात जोडायचा, उडालेला ओठांचा रंग भरायचा, केस विंचरायचे. एकोणीस वर्षं झाली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, फुटपट्टीवर आहे.

त्या आठवड्यात आमचं नवं दालन उघडायचं होतं. एकाच कारखान्यातल्या, तीस वर्षांच्या फॅशनच्या बाहुल्या; एकूण तेवीस. पहिली नवरी, मग हवाईसुंदरी, टायपिस्ट, पुढे डॉक्टर, न्यायाधीश आणि शेवटी अंतराळवीर. कपडे बदलत गेले, पाय मात्र तेच राहिले. उंच टाचांच्या बुटांसाठी चवड्यावर ताणलेले. त्या पायांवर एकही उभी राहत नाही, म्हणून प्रत्येकीच्या कमरेला तारेचा आधार.

हे पाय माझ्या आईच्या हातून गेलेले. साच्यातून पाय काढायच्या टेबलाशी ती एकतीस वर्षं उभी होती. नवीन असताना तिनं कारखान्याच्या मालकसाहेबाला सुचवलं होतं, "पाय सपाट करा ना, पोरी आपल्या आपण उभ्या राहतील."

साहेब हसला. "बाहुलीला कुठं जायचंय?"

पुढे कारखान्यात तिचं नावच पडलं, सपाटबाई. आईनं ते हसण्यावारी नेलं आणि त्याच टेबलाशी उभं राहून आम्हा दोघी बहिणींना शिकवलं.

सोमवारी सकाळी मी काचेचं कपाट उघडलं. नवरीचा एक बूट निसटून पडला होता. घालायला गेले तर पाय आत जाईना. तिची टाच खाली आली होती.

उन्हानं प्लास्टिक मऊ पडलं असेल, असं मनाशी म्हटलं. पण त्या दालनाला खिडकीच नाही. मी माप घेतलं, फोटो काढला, कुलूप लावलं.

मंगळवारी हवाईसुंदरी आणि टायपिस्ट. बुधवारी मी जेवून परत येईपर्यंत आणखी सहा.

संग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी मला बोलावलं. "किल्ली तुझ्याकडेच असते."

"हो."

"मूळ वस्तू तापवली, कापली असशील तर आत्ताच सांग. नोकरीवर बेतेल."

"बाई, कापल्याची एक खूण दाखवा, इथंच राजीनामा लिहिते."

त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. खूण नव्हती.

गुरुवारी मी आईला घेऊन आले. दुसऱ्या कुणाला विचारणार? हे पाय तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. एक्क्याऐंशीची आई काठी टेकत कपाटापुढे आली. तोवर तेवीसच्या तेवीस जणींच्या टाचा खाली आल्या होत्या.

ती एकेकीपुढे थांबत शेवटपर्यंत गेली. मग म्हणाली, "त्या तारा काढ."

"आई, पडतील गं."

"काढ म्हणते ना."

मी नवरीची तार सोडवली.

ती उभी राहिली.

मग टायपिस्ट. न्यायाधीश. अंतराळवीर.

एकही डगमगली नाही.

प्रमुख बाई दारात येऊन थबकल्या होत्या. "कुणी केलं हे?"

"मी सांगितलं होतं," आई म्हणाली. "उशीर लागला, पण ऐकलं."

"कुणी ऐकलं?" मी विचारलं. आई बाहुल्यांकडे वळून उभी राहिली. पाठ ताठ, हनुवटी वर. त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. पण ऊर भरून आला.

बाईंनी तिच्यासाठी खुर्ची मागवली. आई बसली नाही. दालनाच्या पाटीवर साहेबाचं नाव होतं. बाईंनी त्याखाली, स्वतःच्या हातानं, आईचं पूर्ण नाव लिहिलं.

दोघी चहाला गेल्या. शेवटची नोंद करायची म्हणून मी नवरीला उचलून उलटं धरलं आणि भिंग तळव्याजवळ नेलं.

टणक प्लास्टिकच्या टाचेला बारीक भेगा पडल्या होत्या. अनवाणी चालून पडतात, तशा. भेगांत माती होती.

बोट लावून पाहिलं. ओली होती.